इमेज रिस्टोर केली की बूट होईना, दर वेळी ये रे माझ्या मागल्या

आधी सेटअप सांगतो, म्हणजे पुढचं रडगाणं नीट कळेल. एकच लॅपटॉप, आत एकच ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, आणि ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टम, मुद्दामच ठेवलेलं नाही. रोजचं काम लिनक्सवर, त्यातलं डेबियन. पण महिन्यातले तीनचार दिवस असं एक सॉफ्टवेअर लागतं जे विंडोजशिवाय हलत नाही आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये त्याला त्याचा यूएसबी डोंगल दिसत नाही. दोघांना अर्धी अर्धी डिस्क वाटून दिली तर दोघंही उपाशी, म्हणून क्लोनझिलाने, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत काढणाऱ्या सॉफ्टवेअरने, दोन्हीच्या इमेज, म्हणजे अशा प्रती, काढून बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवल्यात. विंडोज लागलं की लिनक्सची ताजी इमेज घ्यायची, विंडोजची रिस्टोर मारायची, काम उरकलं की उलटा प्रवास. पार्टिशन टेबल तेच राहतं, बदलतात फक्त दोन पार्टिशन, पहिलं ईएफआयचं, म्हणजे बूटच्या फाइली असतात ते, आणि मधलं सिस्टमचं. शेवटी एक डेटा पार्टिशन आहे ते दोघांना कॉमन, त्याला इमेजिंगमध्ये हात लावत नाही.

ऐकायला मस्त वाटतं ना? पहिल्यांदा चाललंही मस्त. मग विंडोजवरून परत लिनक्सवर आलो तर काळा स्क्रीन आणि वर पांढऱ्या अक्षरात एकच ओळ, नो बूटेबल डिव्हाइस. क्लोनझिला तर म्हणाला होता सगळं यशस्वी. परत रिस्टोर केलं, तेच. ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर, दुरुस्त केला, चालू झालं, म्हटलं सुटलो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा, आणि गंमत म्हणजे लिनक्सकडून विंडोजकडे जाताना काहीच व्हायचं नाही, परत येतानाच मार खायचो.

मी काय केलं सांगू? इमेजवर संशय घेतला. चेकसम काढले, क्लोनझिलात इमेज रिस्टोर होण्यासारखी आहे का ते तपासायचा ऑप्शन असतो तो तीनदा चालवला, केबल बदलली, हार्डडिस्क बदलली, कॉम्प्रेशन बंद करून परत इमेज घेतली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. इमेज पहिल्या दिवसापासून ठणठणीत होती, बिघाड डिस्कवर नव्हताच. तो तपासणीचा ऑप्शन एवढंच सांगतो की फाइल पूर्ण वाचता येते, ती टाकल्यावर मशीन बूट होईल असं तो कुठेही म्हणत नाही, ते आपण आपलं धरून चालतो.

जुन्या काळी, म्हणजे बायोस आणि एमबीआरच्या दिवसांत, हे दुखणं नव्हतं. बूट व्हायला जे लागायचं ते डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरपासून, म्हणजेच एमबीआरपासून, सुरू व्हायचं, त्यातले ४४६ बाइट बूट कोड, ६४ बाइट पार्टिशन टेबल, शेवटचे दोन सहीचे. डिस्क कॉपी केली की बूट होणंही कॉपी झालं. घोस्ट नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरने इमेज टाकली की मशीन उठून बसायचं ते याच्यामुळे. मग बायोसच्या जागी यूईएफआय हे नवं फर्मवेअर, म्हणजे मशीन चालू होताच आधी चालणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर, आलं आणि बूटची यादी मदरबोर्डवरच्या एनव्हीरॅममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या छोट्या मेमरीत, गेली. तिथे प्रत्येक नोंदीत लिहिलेलं असतं की अमुक जीयूआयडीच्या, म्हणजे ओळख नंबराच्या, पार्टिशनवर जा आणि अमुक फोल्डरमधली अमुक फाइल चालव. ही यादी डिस्कवर नाही म्हणजे इमेजमध्येही नाही. तुम्ही कितीही प्रेमाने सेक्टर बाय सेक्टर कॉपी करा, ती येणार नाही.

आता माझ्याकडे नेमकं काय होत होतं ते बघा. विंडोजची इमेज टाकली की ईएफआय पार्टिशनमधलं लिनक्सचं फोल्डर जातं, त्याच्या जागी मायक्रोसॉफ्टचं येतं. काही मदरबोर्डचं फर्मवेअर चालू होताना यादी तपासतं आणि ज्या नोंदीची फाइल सापडत नाही ती नोंद बिनबोभाट पुसून टाकतं, माझं त्यातलंच. म्हणजे विंडोज एकदा बूट झालं की लिनक्सची नोंद गेली. नंतर लिनक्सची इमेज टाकली, फाइल परत आली, पण तिच्याकडे बोट दाखवणारं कुणी उरलंच नाही. मग विंडोजचं का अडत नव्हतं? कारण विंडोज आपली फाइल आणखी एका ठिकाणी ठेवतं, ईएफआयमधल्या बूट फोल्डरात, बूटएक्स६४ नावाने. यादीत काहीच कामाचं नसेल तर फर्मवेअर शेवटचा उपाय म्हणून याच ठरलेल्या जागी बघतं. विंडोज तिथे सापडायचं, आत शिरायचं आणि स्वतःची नोंद परत करून घ्यायचं. माझ्या डेबियनने त्या जागी काहीच ठेवलं नव्हतं, कारण इन्स्टॉल करताना तो प्रश्न आला तेव्हा मी न वाचता नाही म्हटलं होतं.

तात्पुरता इलाज असा. कुठल्याही लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट व्हा, पण बूट मेनूत त्याची यूईएफआय लिहिलेली नोंद निवडा, लेगसी मोडमध्ये गेलात तर एनव्हीरॅम दिसणारच नाही. टर्मिनलमध्ये ईएफआयबूटएमजीआर कमांड नुसती चालवली की यादी दिसते, आणि तिलाच डिस्क, पार्टिशन नंबर, नाव आणि शिम फाइलचा, म्हणजे ग्रबच्या आधी चालणाऱ्या छोट्या फाइलचा, पाथ देऊन नवी नोंद करता येते. पाथमध्ये उलट्या तिरक्या रेघा असतात, तो सिंगल कोटमध्ये टाका नाहीतर शेल त्या गिळतो, मी यात पंधरा मिनिटं घालवलीत.

कायमचा इलाज म्हणजे लिनक्सची प्रतही त्या ठरलेल्या जागी ठेवायची. डेबियनमध्ये ग्रबचं ईएफआयवालं पॅकेज रीकॉन्फिगर केलं की रिमूव्हेबल मीडियाच्या पाथवर जास्तीचं इन्स्टॉल करू का असं विचारतं, हो म्हणा, झालं. इतर ठिकाणी ग्रब-इन्स्टॉलला रिमूव्हेबलचा ऑप्शन देता येतो, पण सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलाच बूटलोडर चालू देणारी सेटिंग, चालू असेल तर सही असलेली शिम तिथे गेली आहे का ते बघून घ्या. आणि हे करून झाल्यावर नवी इमेज घ्या. हसू नका, मी दुरुस्ती केली आणि जुनीच इमेज वापरत राहिलो, त्यामुळे दोन महिने केलेली दुरुस्ती दर वेळी स्वतःच्याच हाताने पुसत होतो.

इथपर्यंत निदान नुकसान काही नव्हतं, डोक्याला ताप तेवढा. पण दुसरा प्रकार जो झाला त्यात फाइली गेल्या.

विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आहे. आपण शट डाउन म्हणतो तेव्हा ते पूर्ण बंद होत नाही, तुमचे प्रोग्रॅम बंद करतं पण कर्नलची स्थिती हायबरफिल नावाच्या फाइलमध्ये लिहून झोपी जातं, पुढच्या वेळी लवकर उठायला. त्या झोपेत त्याच्या डोक्यात सगळ्या पार्टिशनचा नकाशा असतो, आपल्या कॉमन डेटा पार्टिशनचाही. आता अशा झोपलेल्या विंडोजची इमेज घेतली. मग लिनक्स टाकलं, तीन आठवडे काम केलं, डेटा पार्टिशनवर ढीगभर नव्या फाइली लिहिल्या. मग विंडोजची इमेज परत टाकली. ते जागं झालं तीन आठवड्यांपूर्वीच्या नकाशासह, आणि जी जागा त्याच्या मते रिकामी होती तिथे बिनधास्त लिहायला लागलं. कुंभकर्ण उठला आणि त्याच्या मते अजून कालचाच दिवस चालू.

माझ्याकडे दिसलं असं. डेटा पार्टिशनवर एक फोल्डर होतं, त्यात त्या महिन्याचे स्कॅन केलेले कागद. विंडोजमधून उघडलं तर फोल्डरच नाही. म्हटलं लिनक्समध्ये दिसेल, तोवर विंडोजने रीस्टार्टला स्वतःहूनच चेकडिस्क सुरू केलं, संपल्यावर फाउंड डॉट ००० नावाचं एक फोल्डर आणि त्यात नुसत्या नंबरांच्या सीएचके फाइली. एकेक उघडून बघितल्या. निम्म्या पीडीएफ निघाल्या, निम्म्यांची पहिली दोन पानं ठीक आणि पुढे कचरा.

आणि यात चूक सरळ सरळ माझी. लिनक्सने बजावलं होतं. ते पार्टिशन माउंट करताना मेसेज आला होता की एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाइलसिस्टम, असुरक्षित अवस्थेत आहे, विंडोज पूर्ण बंद करा नाहीतर रीड-ओन्ली माउंट करा. मी काय केलं, एनटीएफएसफिक्स चालवलं, मेसेज गेला, खूश. ती कमांड काही दुरुस्त करत नाही, म्हणजे थोडंफार किरकोळ करते, पण खरं काम एवढंच की धोक्याची खूण पुसते आणि पुढच्या विंडोज बूटला तपासणी लावून ठेवते. मी शिट्टी काढून ठेवली आणि कुकर शांत झाला म्हणून निर्धास्त झालो.

उपाय सोपा आहे, इमेज घेण्याआधी विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजीने हायबरनेशन ऑफ करा. फास्ट स्टार्टअप त्याच्यासोबत जातो, हायबरफिल फाइलही डिलीट होते आणि ती रॅमच्या प्रमाणात चांगली काही जीबी असते म्हणून इमेजही हलकी होते. ते नको असेल तर शिफ्ट दाबून शट डाउन करा, किंवा रीस्टार्ट करून थेट पेनड्राइव्हवर जा. होय, रीस्टार्ट. लोकांना वाटतं शट डाउन जास्त पक्कं, पण फास्ट स्टार्टअप चालू असताना उलटं आहे, रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पूर्ण बंद होतं. तुमची आधीची इमेज झोपलेल्या विंडोजची असेल तर ती एकदा डेटा पार्टिशन काढून, म्हणजे निदान त्याचा बॅकअप घेऊन, टाका, नीट बंद करा आणि त्या अवस्थेतली नवी इमेज घ्या, जुनी उडवा. लिनक्स हायबरनेट करत असाल तर हाच धोका तिकडूनही आहे, शहाणपणा फक्त विंडोजला शिकवून चालणार नाही.

स्वॅपचा, म्हणजे रॅम कमी पडली की लिनक्स वापरतं त्या डिस्कवरच्या जागेचा, एक छोटा त्रास. लिनक्स बूट होतं पण मध्येच दीड मिनिट थांबतं, स्क्रीनवर अ स्टार्ट जॉब इज रनिंग आणि पुढे घड्याळ १ मिनिट ३० सेकंदाकडे सरकत राहतं. मधल्या काळात दुसरं कुठलं तरी लिनक्स ट्राय केलंत का आठवा. त्याच्या इन्स्टॉलरने स्वॅप पार्टिशन फॉरमॅट केलं, त्याचा यूयूआयडी, म्हणजे ओळख नंबर, बदलला, आणि तुमच्या इमेजमधल्या एफएसटॅबमध्ये, म्हणजे काय काय माउंट करायचं त्या यादीत, जुनाच आहे, म्हणून लिनक्सचं सगळं सुरू करणारं सिस्टमडी त्या न येणाऱ्या पाहुण्याची ९० सेकंद वाट बघतं. ब्लॉकआयडीने नवा यूयूआयडी बघा, एफएसटॅबमध्ये टाका. डेबियन, उबुंटूवाल्यांनी इनिट्रॅमएफएसच्या, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या छोट्या फाइलसिस्टमच्या, रिझ्यूम सेटिंगमध्येही तोच बदलून इनिट्रॅमएफएस अपडेट करा, ते राहिलं तर सुरुवातीला वेगळाच खोळंबा होतो.

आता टीपीएम, म्हणजे किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची चिप, इथे बऱ्याच जणांचं घोडं पेंड खातं. विंडोजची इमेज टाकली, बूट झाली, आणि निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची, ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. मी तर बिटलॉकर चालू केलंच नव्हतं असं प्रत्येक जण म्हणतो, मीही म्हणालो. होम एडिशनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावाने ते आपलं आपण चालू होऊ शकतं, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की रिकव्हरी की त्या अकाउंटवर जाऊन बसते. कुलूप डिस्कवर पण किल्ली टीपीएमच्या चिपमध्ये, आणि ती चिप किल्ली देण्याआधी बघते की मशीन त्याच अवस्थेत सुरू होतंय ना. तुम्ही लिनक्ससाठी सिक्युअर बूट बंद केलं, बायोस अपडेट केलं, की तिला वाटतं काहीतरी काळंबेरं आहे. दुसरं म्हणजे एन्क्रिप्ट असलेलं पार्टिशन पार्टक्लोनला, म्हणजे क्लोनझिलाच्या आतल्या प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमला, कळत नाही, वापरलेले ब्लॉक कुठले ते ओळखता येत नाही म्हणून क्लोनझिला मुकाट्याने डीडीवर, म्हणजे एकेक ब्लॉक जसाच्या तसा उचलण्यावर, उतरतं आणि अख्खं पार्टिशन उचलतं. एन्क्रिप्टेड डेटा कॉम्प्रेस होत नाही. तुमची ७० जीबीची विंडोज जर भलत्याच साइजची इमेज देत असेल तर हेच कारण.

मी सरळ त्या विंडोजवरचं एन्क्रिप्शन बंद केलं, पूर्ण डिक्रिप्ट होईपर्यंत थांबलो आणि मग इमेज घेतली. नुसतं सस्पेंड केलं तर नेहमीच्या सेटिंगला ते पुढच्या रीस्टार्टपुरतंच टिकतं, आणि पार्टिशन बाहेरून एन्क्रिप्टेडच दिसतं. अर्थात आता ती इमेज उघडी आहे, हार्डडिस्क ज्याच्या हाती पडेल त्याला सगळं वाचता येईल, म्हणून ती हार्डडिस्क लक्सने, म्हणजे लिनक्सच्या डिस्क एन्क्रिप्शनने, एन्क्रिप्ट केली. ते नको असेल तर निदान रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, त्याच लॅपटॉपवरच्या टेक्स्ट फाइलमध्ये नाही, प्लीज.

जुनी लिनक्स इमेज वापरणाऱ्यांसाठी अजून एक. स्क्रीनवर व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड, सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन असं येऊन मशीन बंद पडत असेल तर तीही एनव्हीरॅमचीच करामत. कुठल्या पिढीपासूनचा बूटलोडर चालवायचा याचा एक आकडा तिथे साठवलेला असतो, ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने तो वाढवला आणि बऱ्याच मशीनवर जुनं लिनक्स बूट होईना झालं. आमच्यासारख्यांना हे हटकून भोवतं, कारण विंडोजच्या वेळी अपडेट येऊन आकडा वर जातो आणि मग आपण सहा महिने जुनं लिनक्स आणून ठेवतो. सिक्युअर बूट बंद करा, लिनक्समध्ये शिरा, मोकयूटिलने एसबॅट पॉलिसी डिलीट करा, परत लिनक्समध्येच रीस्टार्ट करा, शिम अपडेट करा, मग सिक्युअर बूट चालू. आणि त्यात विंडोजवर बिटलॉकर असेल तर सिक्युअर बूटला हात लावला म्हणून ते परत की मागणार, दुष्काळात तेरावा महिना.

इतक्या वेळा आपटल्यावर एक सवय लागली, ती जास्त उपयोगाची. बूट अडलं की आधी बघायचं स्क्रीनवर बोलतंय कोण. नो बूटेबल डिव्हाइस म्हणजे फर्मवेअर बोलतंय, ग्रब किंवा विंडोजपर्यंत पोचलंच नाही, मग एनव्हीरॅमची यादी आणि ईएफआय पार्टिशन बघा, इमेजला शिव्या देऊ नका. ग्रब रेस्क्यू किंवा विंडोजचा रिकव्हरीवाला निळा स्क्रीन म्हणजे बूटलोडर मिळाला पण त्याला पुढचं पार्टिशन मिळेना, बहुतेक तुम्ही ईएफआय पार्टिशन एका दिवसाचं आणि सिस्टम दुसऱ्या दिवसाची टाकलीय, किंवा मध्ये कुणी पार्टिशन टेबल नव्याने केलंय आणि जीयूआयडी बदललेत. विंडोजसाठी इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडा, डिस्कपार्टमध्ये ईएफआय पार्टिशनला ड्राइव्ह लेटर द्या आणि बीसीडीबूट चालवा, बीसीडी, म्हणजे विंडोजची बूटची माहिती, नव्याने तयार होते. आणि कर्नल सुरू होऊन मग मेलं तर ड्रायव्हर किंवा एफएसटॅब.

या शेवटच्यातला नामांकित म्हणजे इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसेना म्हणून बायोसमध्ये डिस्क कंट्रोलरचा मोड बदललात, इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी बंद करून एएचसीआय केलंत, आणि विंडोजची इमेज त्याआधीची. तिला एएचसीआयचा ड्रायव्हर बूटच्या वेळी लागेल हे माहीतच नाही. बायोसमध्ये जुना मोड परत लावा, विंडोजमध्ये बीसीडीएडिटने सेफ मोड चालू करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय करा, सेफ मोडमध्ये एकदा उठू द्या म्हणजे ड्रायव्हर बसतो, मग सेफ मोडची सेटिंग डिलीट करून नॉर्मल या. झालं की इमेज. परत सांगतो, दुरुस्ती झाली की इमेज.

ऑफिसचं मशीन असेल आणि डोमेनला, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरच्या ताब्यातल्या नेटवर्कला, जोडलेलं असेल तर जुनी विंडोज इमेज टाकल्यावर ट्रस्ट रिलेशनशिप फेल्ड येऊ शकतं. मशीनचा स्वतःचा एक पासवर्ड असतो, तो साधारण ३० दिवसांनी आपोआप बदलतो, सर्व्हरकडे नवा आणि इमेजमध्ये जुना. लोकल ॲडमिनने शिरून पॉवरशेलमधून सिक्युअर चॅनल रिपेअर करा, नाहीतर आयटीवाल्यांचे पाय धरा. घड्याळ मागेपुढे होतं त्याचं तर सगळ्यांना माहीतच आहे, विंडोज मशीनच्या घड्याळात लोकल टाइम धरतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएलने लोकल करा किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत यूटीसी करा, दोन्हीकडे करू नका.

दुसरी एसएसडी बसवायला जागा असेल तर खरं सांगतो, हा सगळा व्यापच करू नका, दोन डिस्क दोन ओएस. पण मग ती डिस्क भरताना पहिलीची क्लोन टाकलीत तर दोन्ही लावून बूट करू नका. दोघींचे यूयूआयडी सारखे, लिनक्स कुठली रूट म्हणून उचलेल याचा नेम नाही, बीटीआरएफएस नावाची फाइलसिस्टम असेल तर तिचीच वाट लागू शकते. क्लोन झाल्या झाल्या मशीन बंद करा, एक डिस्क काढा, दुसरी एकटी बूट होते का बघा, आणि तिचे यूयूआयडी बदलल्याशिवाय दोघींना परत एकत्र बसवू नका. माझ्या लॅपटॉपला दुसरा स्लॉट नाही. परवा लिनक्सवर परत आलो, बूट मेनूत न जाता, पेनड्राइव्ह न लावता, चार महिन्यांत पहिल्यांदा.